घरून आणलेले दात

पहिल्याच भेटीत डॉक्टर खानझोडेंनी माझं बोट हुंगलं.

जबलपूरच्या चेरीताल भागातल्या त्यांच्या दवाखान्यात मी खुर्चीवर आडवी पडले होते. वरचा समोरचा एक दात हलत होता, म्हणून सून रश्मी मला घेऊन आली होती. मी तोंड उघडून धरलं, पण डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलंच नाही.

"ब्रश आणला का?"

"मी बोटानं घासते," मी म्हणाले.

"मग बोट दाखवा."

मी बोट पुढं केलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, वास घेतला आणि सोडून दिलं. "गुडाखू. कधीपासून?"

"लग्नापासून."

"नवरा आहे?"

"नाही."

"म्हणजे तो गेला, हे राहिलं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्याशी असं सरळ बोलणारं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं. नवरा खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होता, तो गेल्यापासून घरात सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात.

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ कालवून केलेली काळी लुगदी. डबीत मिळते. सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांवर फिरवायची, डोकं हलकं होतं, मग दिवस सुरू होतो. आमच्याकडच्या बायका तिला मंजन म्हणतात. तंबाखू कोणी म्हणत नाही. आम्ही महानुभाव पंथाचे. मांस, मासे, दारू घरात येत नाही. तंबाखू मळणाऱ्या पुरुषाकडे आम्ही नाक मुरडून बघतो आणि स्वतः रोज तोच तंबाखू हिरडीवर चोळतो. हे माझ्या लक्षात यायला नागपूरहून एक बाई यावी लागली.

त्या नागपूरच्याच. नवरा बँकेत, त्याची बदली जबलपूरला झाली म्हणून इथं आलेल्या. ठेंगण्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, केस मानेपाशी कापलेले. शहरातल्या दातांच्या दवाखान्यांवर हसणाऱ्या बाईचं मोठं चित्र असतं. यांच्या पाटीवर चित्र नव्हतं. हिंदीत 'मसूड़ों का दवाखाना', म्हणजे हिरड्यांचा दवाखाना, एवढंच. लोक आत डोकावून विचारायचे, दाँत निकालते हैं क्या? त्या म्हणायच्या, "निकालती हूँ। पहले रखकर देखती हूँ।" बरेच जण तिथूनच परत फिरायचे. सुरुवातीला बाहेरचा बाक बहुतेक रिकामाच असे.

बाक रिकामा असला तरी त्यांचा नियम मोडत नसे. घरचा ब्रश घेऊन यायचा आणि त्यांच्यासमोर घासून दाखवायचं. त्याशिवाय तपासणी नाही. एकदा मी बाकावर बसले असताना फौजेतले एक रिटायर साहेब आले. मोठ्या मिशा, बाहेर ड्रायव्हर उभा. ब्रशचं ऐकून ते भडकले.

"मैं घर से ब्रश लेकर आऊँ?"

"जी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाँत भी तो घर से ही लाए हैं।"

साहेबांनी ड्रायव्हरला ब्रश आणायला पाठवलं. तो आला तेव्हा ब्रशचे केस जुन्या झाडूसारखे चारी बाजूंना फाकलेले होते. साहेबांनी सगळ्यांसमोर घासून दाखवलं, जोर लावून, बूट चमकवतात तसं. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहब, मसूड़ा आपका दुश्मन नहीं है।" ते पुढं नियमानं येत राहिले. येताना ब्रश खिशात उभा खोचलेला असे, पेनासारखा.

आता माझ्या दाताचं सांगते. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं एका दातासाठी एवढं काहून करावं, असं वाचणाऱ्याला वाटेल.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढं कोणी पाठवलं नाही. पण वाचायला आलं ते पक्कं आलं. महाराजपूरला आमच्या आश्रमात दर रविवारी बायका जमतात. त्यांच्यापुढं पोथी मी वाचते. पोथीतली मराठी जुनी आहे. शिकलेल्या सुनांना देवनागरी येते पण ही मराठी त्यांच्या तोंडात बसत नाही, हिंदीत वाढलेल्या त्या. मला येते. जगात मला एवढी एकच गोष्ट चांगली येते आणि तेवढ्यासाठी लोक मला ओळखतात.

माझ्याआधी वाचायच्या त्या बाईंनी दात काढून कवळी बसवली. वाचताना ती खाली सरकायची, टकटक वाजायची. मुली पदराआड हसायच्या. बाईंनी एका रविवारी पोथी मिटली, पुन्हा उघडली नाही. मी समोर बसून ते पाहिलं होतं. आणि आता माझा दात हलत होता. आमच्या पोथीत 'सर्वज्ञ' हा शब्द पानापानावर येतो. त्यातल्या 'स' ला माझ्या दातातून वारा निसटायला लागला होता.

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग 'स' साठी मेहनत करू. पण आधी ती डबी."

डबी सोडली. सोपं नव्हतं. डोकं दुखायचं, मी रश्मीवर ओरडायची. डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांच्या आतली सफाई सुरू केली, एकेका बाजूनं, मुळापर्यंत. दर वेळी आधी बोट हुंगायच्या. मी म्हटलं, "डॉक्टर, मी खोटं बोलत नाही." त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही बोलत. पण बोटाला विचारलेलं बरं."

सुरू करण्याआधी त्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगायच्या, "दुखेल. दुखलं की हात वर करा, मी थांबते." दुसरे डॉक्टर म्हणतात, कुछ नहीं होगा. या म्हणायच्या, दुखेल. मला हे फार आवडलं.

काही महिन्यांत हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं. बाकीचे दात घट्ट झाले. तो एक मात्र हलतच राहिला. तेव्हा त्यांनी एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला. दाताच्या एका बाजूला हाड खचून खड्डा पडला होता, विहिरीसारखा खोल आणि अरुंद.

"बाकीच्या हिरड्या वळणावर आल्या, काकू. हा एक ऐकून नाही राहिला. पण खड्डा अरुंद आहे, हे चांगलं आहे. रुंद असता तर मीच म्हटलं असतं, काढून टाका."

"मग आता?"

"हिरडी उघडायची, मूळ साफ करायचं आणि एक औषध लावून शिवायचं. बाळाचा दात जबड्यात तयार होत असतो ना, तेव्हा त्याच्यावर एक मऊ थर असतो. प्रथिनं असतात त्यात. त्याचंच नंतर दाताचं कडक कवच बनतं. पण तीच प्रथिनं मुळाभोवतीची पकडही बनवायला लावतात, दोरे, हाड, सगळं. दात एकदा आला की ते काम बंद पडतं. आपण तीच प्रथिनं मुळावर परत लावायची. म्हणजे शरीराला आठवण करून द्यायची, की बाबा, लहानपणी जे काम केलं होतं, ते परत कर."

"करतं शरीर?"

"बरेचदा करतं. नेहमी नाही. शेतात खत टाकून उगवलं असं नसतं हे. तुम्ही डबी परत उघडली तर शंभर टक्के नाही करणार."

मी म्हटलं, करा. रश्मीनं सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या.

"आता नीट ऐका. हे औषध डुकराच्या पिलांपासून काढतात. त्यांच्या जबड्यात न उगवलेल्या दातांचे कोंभ असतात, त्यातून. ती पिलं मांसासाठी कापलेली असतात, औषधासाठी मारत नाहीत. पण मेलेली असतात, हे खरं आहे. तुम्ही महानुभाव आहात, मला माहीत आहे. तुमच्या सूनबाईनं मला बाहेर सांगितलं, मम्मीजी को मत बताइए, वो नहीं मानेंगी. म्हणून तुमच्या दोघींसमोर सांगून राहिली."

रश्मी जमिनीकडे बघायला लागली. मी खुर्चीवरून उतरले.

"काकू, काहून उठून राहिल्या? मी अजून सांगून राहिली."

"दुसरं काही नाही का?"

"आहे. हाडाची पूड भरतात. ती बहुतेक गाईच्या हाडाची असते."

"आणखी?"

"कारखान्यात बनवलेली पूड असते, तिच्यात प्राणी नाही. ती खड्डा भरते. पण दाताची पकड परत येते असा माझा तिच्यावर तितका भरवसा नाही. तुम्ही म्हणाल तर तीच लावते. काहीच नको म्हणाल तर सफाई करत राहू, दात जितका टिकेल तितका टिकेल."

मी चपला घातल्या. तेव्हा त्यांनी मागून एकच टोमणा मारला. "तंबाखू चालला इतकी वर्षं, डुक्कर नाही चालत. ठीक आहे. तोंड तुमचं आहे."

ऑटोत रश्मी म्हणाली, "मम्मीजी, उन्होंने बताया ही क्यों? चुपचाप लगा देतीं।" मी तिला म्हटलं, "मग तुला चुपचाप लावणाऱ्या डॉक्टरकडे जायला हवं होतं." पण तोंडातून ते वाक्य निघून गेल्यावर मलाच कळलं, की मी त्या बाईची बाजू घेतली होती.

डॉक्टरीणबाईंनी फोन केला नाही. गिऱ्हाईक कमी, बाक रिकामा, तरी केला नाही. पुढच्या रविवारी मी पोथी वाचायला बसले. 'सर्वज्ञ' म्हणताना शिट्टी वाजली. मागं बसलेली एक मुलगी हसली आणि तिच्या आईनं तिला चिमटा काढला. त्या चिमट्यानं मला जास्त लागलं. मुलीचं हसणं खरं होतं, आईनं माझी कीव केली होती.

आश्रमात एक वृद्ध संन्यासिनी आहेत, आम्ही त्यांना थोरल्या आई म्हणतो. वाचन झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले, दंडवत केला आणि सगळं सांगितलं. डुकराच्या पिलासकट. त्यांनी बराच वेळ जपमाळ फिरवली. मग विचारलं, "हे तुला कळलं कसं?"

"डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं."

"मी रोज सकाळी कॅप्सूल घेते," थोरल्या आई म्हणाल्या. "तिचं वरचं टरफल कशाचं असतं ते मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. न विचारण्यात माझी सोय होती. तुझी ती सोय त्या बाईनं काढून घेतली. आता घेतलंस तरी उघड्या डोळ्यांनी घेशील, सोडलंस तरी उघड्या डोळ्यांनी."

"मग घेऊ का सोडू?"

"मला विचारून तुझं ओझं माझ्या डोक्यावर ठेवू नको. माझी मान आधीच दुखते."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच चेरीतालला गेले. रश्मीला नेलं नाही. डॉक्टरीणबाई भाजलेले मटार खात बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हात पुसले आणि आधी माझं बोट धरून हुंगलं.

"वास नाही," त्या म्हणाल्या. "रागावून गेल्या होत्या. मला वाटलं, घरी जाऊन डबी उघडली असेल."

"ते डुकराचं लावा," मी म्हटलं. "पण एक सांगते. दात टिकला तर मी हे आश्रमात सगळ्या बायकांना सांगणार. लपवून वाचणार नाही."

त्यांनी मटार बाजूला सारले. "आणि त्यांनी वाचू नाही दिलं तर? ज्याच्यासाठी चाललं आहे तेच जाईल."

"गेलं तर गेलं. तुम्ही सांगितलं तेव्हा तुमचंही गिऱ्हाईक गेलंच होतं."

त्यांनी मटाराचा कागद माझ्यापुढं सरकवला. आम्ही दोघींनी मिळून ते संपवले. मी उजव्या बाजूनं चावत होते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांनी सुई टोचून हिरडी बधिर केली आणि नेहमीचं वाक्य म्हणाल्या, "दुखेल. हात वर करा, मी थांबते." मध्येच मी हात वर केला. त्या लगेच थांबल्या.

"काय झालं?"

तोंडात कापूस होता, तरी मी म्हटलं, "काही नाही. खरंच थांबता का ते पाहिलं."

"पाहिलं?"

"पाहिलं."

"आता न दुखता हात वर केला तर दातच काढीन."

मूळ साफ करून, धुऊन, कोरडं करून त्यांनी ते औषध लावलं. पारदर्शक, चिकट, साबुदाण्याच्या खिरीवर चिकट पाणी येतं तसं पातळसर. एवढंसं. लावताना त्यांचा श्वासही ऐकू येत नव्हता. मग टाके घातले. तिथं काही आठवडे ब्रश लावायचा नाही, औषधाच्या पाण्यानं फक्त चूळ भरायची, समोरच्या दातांनी काही तोडायचं नाही. मी सगळं पाळलं. रश्मी ओशाळून माझी पोळी दुधात कुस्करून द्यायची. एक दिवस मीच तिला म्हटलं, "तू माझ्या भल्यासाठीच सांगितलं होतंस. पुढच्या वेळी मला सांग." ती म्हणाली, "जी मम्मीजी," आणि त्या दिवशी पोळीवर तूप जास्त होतं.

नंतर नुसती वाट पाहायची. हाडाला घाई नसते. मधल्या काळात रविवारी मी वाचायची नाही, शेजारी बसून दुसरीला शब्द सांगायची. डॉक्टरीणबाई तपासायच्या पण दात हलवून बघायच्या नाहीत. "रोप उपटून मूळ बघू नका," म्हणायच्या. मी विचारलं, यश येईल का, तर म्हणायच्या, "मला माहीत नाही. हाडाला माहीत आहे."

एक वर्ष होऊन गेल्यावर त्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. पडद्यावर जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवला. मला त्यातलं काही कळत नाही, पण विहीर कळत होती. जुन्या चित्रात ती काळी, खोल होती. नव्या चित्रात ती बरीच वरपर्यंत भरून आली होती.

या बाईला मी कधी खुश होताना पाहिलं नव्हतं. त्या उठल्या, दार उघडलं आणि बाकावर बसलेल्या सगळ्यांना आत बोलावलं. बाक तोवर रिकामा राहत नव्हता. फौजेचे साहेबही त्यात होते, खिशात ब्रश खोचून. "इधर आइए। हमारी काकू की हड्डी देखिए।" सगळे पडद्यापुढं उभे राहिले. साहेबांनी चष्मा लावून दोन्ही चित्रं पाहिली आणि मला कडक सलाम ठोकला. शेजारचा औषधांचा दुकानदार गल्ला सोडून बघायला आला. माझ्या लग्नातही माझ्याकडे इतक्या लोकांनी पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी चिमट्याच्या दांडीनं दात ठोकला, मग हलवून पाहिला. दात हलला नाही.

"'स' म्हणा," त्या म्हणाल्या.

"सर्वज्ञ," मी म्हणाले. वारा निसटला नाही.

त्या रविवारी मी आश्रमात पोथीपुढं बसले. उघडण्याआधी सांगितलं, "बायांनो, माझा हा दात डुकराच्या पिलाच्या दातापासून काढलेल्या औषधानं टिकला आहे. मला आधी सांगितलं होतं, मी जाणूनबुजून लावून घेतलं. आणि आपण सगळ्या जे मंजन लावतो तो तंबाखू आहे. त्यानं माझं हाड खाल्लं. हेही मला तिथंच कळलं. ज्यांना माझ्या तोंडून ऐकायचं नसेल त्यांनी उठावं, मी वाईट वाटून घेणार नाही."

कोणी हललं नाही. मग पहिल्या रांगेतली एक बाई उठली. मला वाटलं, संपलं. ती गुडघे धरत माझ्यापाशी आली, वाकली आणि माझ्या तोंडाशी तोंड आणून म्हणाली, "कुठला ग? दाखव बरं." मी ओठ वर केला. तिच्यामागं दुसरी आली, मग तिसरी. मागं हसलेली ती मुलगीही आली. थोरल्या आई आपल्या जागेवरून म्हणाल्या, "बघून झालं असेल तर वाचू दे तिला." बायका बसल्या. मी वाचलं. 'सर्वज्ञ' आला की मी तो शब्द थोडा मोठ्यानं म्हणत होते. मला आवरत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात चेरीतालच्या बाकावर आमच्या आश्रमातल्या बायकांची रांग लागली, प्रत्येकीच्या पिशवीत नवा ब्रश. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "काकू, ब्रश नवे आणून राहिल्या या. मला फसवून राहिल्या." मग एकेकीचं बोट हुंगलं.

काही महिन्यांपूर्वी त्यांच्या नवऱ्याची बदली झाली. दवाखाना त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलीनं घेतला आहे. जायच्या आधीच्या रविवारी डॉक्टरीणबाई आश्रमात आल्या, मागं भिंतीला टेकून बसल्या. जुनी मराठी त्यांना काही कळली नसेल. पूर्ण वेळ त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. वाचन झाल्यावर पुढं आल्या, सगळ्यांदेखत अंगठ्यानं माझा ओठ वर केला आणि दात हलवून पाहिला.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "चला. जाते मी."

"जा," मी म्हटलं.

रडणं आम्हा दोघींना जमत नाही.

आता पोथी उघडण्याआधी मी समोरच्या बायकांची बोटं हुंगते. ज्यांच्या बोटाला वास येतो त्या मागं बसतात. मागची रांग दर रविवारी छोटी होत चालली आहे.